ज्वारीतली बाटली

सोलापूर, १८ नोव्हेंबर

प्रिय उत्कर्षा,

बाटली पोचली. तुझी पुण्याची मैत्रीण दारातूनच देऊन गेली. तिला पुढे हैदराबाद गाठायचं होतं, चहालाही थांबली नाही. मी तिच्या हातात शेंगाची चटणी आणि कडक भाकरींचं पुडकं ठेवलं, तिने माझ्या हातात स्पेनची वाइन ठेवली. तू ती तीन टॉवेलांत अशी गुंडाळली होतीस की समोरच्यांना वाटलं असेल, कुणाचं तान्हं बाळच आणून दिलं.

काल फोनवर मी "पार्सल मिळालं" एवढंच म्हणाले. रागावू नकोस. तुझा फोन आला की तुझे अप्पा शेजारच्या खुर्चीत पेपर घेऊन बसतात. वाचतात असं समजू नकोस. तू बोलत असतेस तोवर एकही पान उलटत नाही. चार वर्षं झाली, तुझा आवाज ते असाच ऐकतात आणि फोन ठेवला की विचारतात, "कुणाचा होता?" मी म्हणते, "उत्कर्षाचा." ते म्हणतात, "अस्सं." पेपरच्या त्या भिंतीसमोर मी वाइनचं नाव कसं काढणार?

म्हणून हे पत्र. लिहून झालं की फोटो काढून पाठवते, कागद माझ्याजवळ राहील. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमिना शुक्रवारच्या शेवटच्या तासाला पत्रलेखन शिकवायच्या. मंगळूरच्या होत्या. म्हणायच्या, "गर्ल्स, जे बोलताना घसा दाटतो ते लिहा. कागदाला घसा नसतो." आम्ही हसायचो. आता त्या तासाची किंमत कळते.

तुझी चिठ्ठी दोनदा वाचली. वायनरीतलं तुझं सगळं काम नाकाचं आणि जिभेचं, आणि नेमकं बाळ पोटात आल्यावर घोट तोंडात घेऊन थुंकायचीही बंदी. बाकीचे पिंपांजवळ उभे असताना तू कोपऱ्यात पाण्याचा ग्लास धरून उभी, हे डोळ्यांपुढे आलं आणि मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. पण त्यावर तू काढलेला उपाय बघ. "आई, ही आमच्या तळघरातली २००१ सालची. मी इथे यायच्या कितीतरी आधी जुन्या लोकांनी केलेली. माझ्याऐवजी तू चाख आणि काय लागतं ते लिही. वाइनवाल्यांचे शब्द नकोत, तुझे हवेत."

कुणाला सांगतेस बाळा? मला, जिने साठ वर्षांत खोकल्याच्या औषधापलीकडे काही घेतलं नाही. आणि महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो म्हणे, तोही नाही माझ्याकडे.

तरी ठेवली आहे. आडवी, अंधारात, गारव्याला, कुणी हलवणार नाही अशी जागा पाहा, असं तू बजावलंस. अशी जागा आपल्या घरात एकच. मागच्या खोलीतल्या ज्वारीच्या कोठीत मालदांडीच्या पोटात निजवली आहे. २००१ साली आपण मळ्यावर टँकरने पाणी आणून वेली जगवत होतो. त्याच साली तिकडे कुणी निवांत ही द्राक्षं पिंपात भरत होतं. वेलींचंही नशीब असतं.

आता खरी गोष्ट. मार्चच्या पहिल्या आठवड्यातली तुझी तारीख मी कॅलेंडरवर लिहिली नाही, पण रोज त्या पानाकडे जाऊन येते. पहिलं बाळंतपण माहेरी होतं आपल्यात. तू येऊ शकत नाहीस, तर माहेराने तुझ्याकडे यायला हवं. तुझ्या अप्पांना मी अजून विचारलेलं नाही. जावयाला, आंद्रेसला सांग, एवढ्यात तिकीट काढू नको.

पायांवर सूज आहे का? मीठ कमी खा.

तुझी आई


सोलापूर, ७ डिसेंबर

प्रिय उत्कर्षा,

विचारलं.

मुद्दाम मळ्यावर जाऊन विचारलं, कारण घरात भिंती आहेत आणि माझ्या थोरल्या जाऊबाई काशक्का आहेत. घडांची विरळणी चालली होती. अप्पा वेलीखाली वाकून घडांतले जादा मणी कात्रीने काढत होते. बायका लावलेल्या असल्या तरी पहिली ओळ ते स्वतः करतात, ठाऊक आहे ना तुला. मी म्हणाले, "मार्चात मी उत्कर्षाकडे जाईन म्हणते. दोन महिने."

कात्री थांबली नाही. "मार्चात? बेदाण्याच्या हंगामात?"

"शेडवर माणसं असतात की. मी तिथे करते काय? चहा पाठवते."

"चहा पण लागतो माणसांना."

"अहो, मुलगी बाळंत होणार आहे. तिथे तिचं कोण आहे?"

"नवरा हाय. सासू असेल. दारूचा कारखाना हाय अख्खा." मग उभे राहिले, कंबरेवर हात ठेवून. "तुला अडवत नाही मी. पण वहिनींना काय सांगून जाणार? ज्यानं तुमचा नवरा खाल्ला, त्याच धंद्याच्या घरी बाळंतपणाला चालले, असं सांग. सांगता येतंय का बघ."

मी परत आले.

अप्पांचे थोरले भाऊ गेले तेव्हा तू सहा वर्षांची होतीस, म्हणून तुला कल्लप्पाकाका म्हणजे फक्त खांद्यावर बसवून मळ्यात फिरवणारा माणूस आठवतो. आणखीही होतं. मळा त्यांनी उभा केला, त्यांच्यासारखी छाटणी तालुक्यात कुणाची नव्हती, आणि संध्याकाळ झाली की पावलं आपोआप हातभट्टीकडे वळायची. शेवटी डोळे हळदीसारखे पिवळे झाले. गेले ते तुझ्या अप्पांच्या मांडीवर. त्या दिवसापासून अप्पांनी काशक्कांना थोरल्या बहिणीच्या जागी मानलं. घरात पहिला घास त्यांचा, मळ्यातली पहिली पेटी त्यांच्या हातून. आणि दारू या शब्दाला घरात जागा नाही. तू नाशिकच्या वायनरीत नोकरी धरलीस तेव्हा ते गप्प बसले. तू स्पेनला जाऊन तेच शिकणार म्हणालीस तेव्हा काय काय बोलले ते तुला ठाऊक आहे, मी पुन्हा लिहीत नाही.

काशक्का मात्र कधीच काही बोलल्या नाहीत, त्याचीच मला धास्ती. तुझा फोन आला की त्या हातातलं काम ठेवून उठतात आणि परसात जातात. कितीदा वाटलं, मागून जाऊन विचारावं, "अक्का, मनात काय आहे?" विधवा जावेला असलं काही विचारायचं नसतं असं मनात धरून बसले. बसले ती बसलेच.

मी हट्ट करून येऊ शकते. पासपोर्ट आहे, पाय धड आहेत. पण भांडून आलेली आई बाळंतिणीच्या खोलीत कामाची नाही. तिचं अर्धं लक्ष मागे राहतं आणि दूध उतू जातं. शिवाय आज मी अशी निघाले, तर उद्या तुम्ही बाळाला घेऊन याल तेव्हा हे दार कसं उघडेल? मला तुझ्याकडे यायचं आहे आणि हे दारही उघडं हवं आहे. दोन्ही हवं म्हणणारी बाई लोभी असते, असं आमच्या सिस्टर म्हणाल्या असत्या.

बाटली सुखात आहे. अजून उघडली नाही.

आई


सोलापूर, २९ डिसेंबर

प्रिय उत्कर्षा,

नीट बसून वाच. पाठीमागे उशी घे.

काल अप्पा बेदाण्याच्या सौद्यासाठी तासगावला गेले. मी ठरवलं, आज. मागच्या खोलीत जाऊन कोठीत हात घातला, तर बाटली नाही. खांद्यापर्यंत हात गेला, ज्वारी बाहीत शिरली, बाटली नाही. तेवढ्यात मागून आवाज आला.

"डावीकडं बघ. तू भिंतीकडं ठिवली व्हतीस, तितं उंदराचं बीळ हाय."

काशक्का दारात उभ्या, हातात सूप.

माझा हात कोठीतच. "अक्का, तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"भाकरीला ज्वारी रोज कोण काढतंय या घरात? तू काढती?"

त्या आत आल्या, सरळ कोठीत हात घातला आणि अंडं उचलावं तशी बाटली काढून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "पोरीनं पाठवलीय न्हवं? चांगली ठिवली हाय मी. रोज सकाळी हलवती."

"हलवता?"

"मग. तळाला काय की गाळ बसलाय बघ. लोणच्याची बरणी रोज हलवावी लागती, न्हाय तर बुरा धरतोय. हे पण तसलंच असणार म्हणलं."

मी ज्वारीच्या पोत्यावर बसले. चोवीस वर्षं तुमच्या तळघरात जिला कुणी धक्का लावला नाही, तिला माझ्या जावेने महिनाभर रोज सकाळी लोणच्यासारखं खळखळ हलवलं. तू रडशील की हसशील, मला कळेना. मी मात्र डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. काशक्का "काय झालं गं, चुकलं व्हय?" म्हणत उभ्या, आणि मग त्याही हसायला लागल्या, कशाला ते न कळता.

तू पाठवलेल्या दोन पात्यांच्या यंत्राने बूच काढायला गेले, तर अर्धं हातात आलं आणि अर्धं आत पडलं. मग नव्या पंच्यातून सगळी गाळून पितळेच्या नव्हे, काचेच्या भांड्यात घेतली. पंच्यावर उरलेला गाळ पाहून काशक्का म्हणाल्या, "बघ, म्हणत न्हवते?"

पुढचा प्रश्न वेगळाच. तुला आठवतं ना, गळ्यातल्या लिंगाला दाखवल्याशिवाय त्या पाणीही पीत नाहीत. मी तितकी कडक नाही, पण त्यांच्या समोर तरी काय करू? म्हणाले, "अक्का, हे दाखवायचं कसं?" त्यांनी थोडा विचार केला. "खोकल्याचं औषध दाखवती का तू?" मी म्हणाले, नाही. "मग औषध म्हणूनच घे."

आणि त्यांनी कपाटातून खोकल्याच्या औषधाचं प्लॅस्टिकचं टोपण काढलं, धुऊन पुसून माझ्यापुढे ठेवलं. तुझ्या कंपनीची २००१ सालची वाइन मी त्या टोपणाने घेतली. घरात तसले ग्लास नाहीत, आणि टोपणातून रंग छान दिसतो, हसू नकोस.

आता माझं काम. तुझ्यासाठी लिहिते.

रंग मला वाटला होता तसा काळा-लाल नाही. मध्ये लाल, पण कडेला विटेचा. काशक्कांच्या जुन्या इरकलीचा काठ आठव, धुऊन धुऊन मऊ पडलेला. तसा.

वास पहिल्यांदा बंद ट्रंकेचा आला. मला वाटलं, हलवून हलवून मेली बिचारी. झाकून ठेवली आणि आम्ही दोघी शेंगा सोलत बसलो. तासाभराने झाकण काढलं तर खोलीत बेदाण्याची शेड आली. एप्रिलमधली, गंधकाची धुरी उडून गेल्यावरची, जाळीतून ऊन येतं आणि रॅकवर बेदाणा सुरकुतायला लागलेला असतो, तो वास. त्याच्या मागे तुझ्या आजोबांच्या तंबाखूचा बटवा. त्याच्या मागे चामडं. नव्या चपलेचं नाही, वापरून वापरून पायाची झालेल्या चपलेचं. मग मला एकदम आमच्या शाळेचं चॅपल आठवलं. आम्ही मुली रिसेसमध्ये दारातून डोकावायचो, मेणबत्त्या विझलेल्या, गार फरशी, आणि हवेत असंच काही आंबट गोड. तो वास माझ्या नाकाने पन्नास वर्षं जपून ठेवला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

चव आधी आंबट. आमसुलासारखी, पण आमसूल जसं पटकन बोलतं तशी नाही. मग जिभेच्या कडांना जरा तुरट, कच्च्या सुपारीसारखं. गोड कुठेच नाही, तरी गोडाची आठवण आहे. आणि गिळल्यावर संपत नाही गं. पाहुणे निघतात, चपला घालतात, आणि मग दारात उभं राहून अर्धा तास बोलतात, तशी. मला तो दारातला अर्धा तास फार आवडला.

मी हे मनात जुळवत होते, तोवर काशक्का म्हणाल्या, "मला दे."

मी टोपण पदराआड घेतलं.

"दे की. लगीन झाल्यापासनं त्यांच्या तोंडाचा वास घेतला मी. चव कधी घेतली न्हाय. बघू दे तरी, कशापायी मला सोडून गेले."

मी टोपण भरून दिलं. त्यांनी डोळे मिटून घेतलं, औषधासारखं एका दमात नाही, थांबून. मग म्हणाल्या, "आंबट हाय." मग, "यात खोबरं हाय, व्हय गं?" आणि खरंच होतं, त्यांनी म्हणेपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. सुक्या खोबऱ्याची वाटी फोडल्यावर येतो तसा वास, पार मागे.

"डोक्यात कुटं काय व्हत न्हाय मला."

"एवढ्याशाने नाही होत, अक्का."

त्यांनी टोपण उपडं ठेवलं. "हे न्हाय ते," म्हणाल्या. "ते पिताना त्यांचं तोंड वाकडं व्हायचं. नाक दाबून प्यायचे. चवीसाठी कुटं प्यायचे ते? काय की विसरायला प्यायचे, काय ते मला कधी सांगितलं न्हाय." मग पंच्याची घडी घालत म्हणाल्या, "हे करणाऱ्यानं चव बघून केलंय. पोरगी आपली चव बघायचं काम करती व्हय?"

मी म्हणाले, हो.

"मग लहानपणापासनं तेच करत व्हती की. प्रत्येक वेलीचा एक मणी खाऊन शिव्या खायची."

आणि मग मी इतक्या वर्षांचं विचारलं. "तिचा फोन आला की तुम्ही उठून का जाता?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भाकरी कशाची करतात विचारलं. "मी बसले की गुरुशांत तोंड उघडत न्हाय. माझी लाज धरतोय. मी उठले तर तरी पोरीशी दोन शब्द बोलल म्हणून उठती."

उत्कर्षा, अप्पा त्यांच्यासाठी गप्प. त्या यांच्यासाठी परसात. आणि मी मध्ये फोन धरून.

मी खोटं नाही लिहिणार, दारू ती दारूच, आणि मला पुन्हा घ्यावीशी वाटेल असं नाही. पण तुझ्या हातांतून रोज काय जातं ते काल कळलं. बाकी विशेष काही नाही.

आई


सोलापूर, ३१ डिसेंबर

प्रिय उत्कर्षा,

"बाकी विशेष काही नाही" असं परवा लिहिलं, ते खरं नव्हतं. तुझं उत्तर यायच्या आत लिहिते.

आम्ही दोघी तशाच जमिनीवर बसलेलो, मध्ये भांडं, आणि अप्पा दारात. सौदा लवकर उरकला होता. त्यांनी आधी हवेत नाक वर केलं. "शेडचा वास कुठनं येतोय?" मग भांडं दिसलं, मग बाटली.

मी उठायला लागले. काशक्कांनी माझं मनगट धरून खाली बसवलं. "ये गुरुशांत. पोरीनं पाठवलंय."

"वहिनी, तुमच्या समोर हिनं हे..."

"समोर न्हाय. मी पण घेतलं. औषधाच्या टोपणानं."

त्यांचा चेहरा मी लग्नानंतर एकदाच असा पाहिला होता, कल्लप्पाकाका गेले त्या दिवशी. म्हणाले, "तुम्ही? तुम्हाला काय वाटलं नाही?"

"वाटलं की. तुझा भाऊ आठवला. तसा तो रोज आठवतोय, त्याला बाटली कशाला लागती?" मग आवाज न चढवता, सुपातल्या शेंगा पाखडत म्हणाल्या, "माझ्या नावानं चार वरसं रुसून बसलास. मला एकदा विचारलंस? त्यांना दारूनं नेलं, आणि पोरीला तू घालवलीस. माझ्या पदरात दोन्ही."

अप्पा पुढे आले, भांडं उचललं. मला वाटलं, आता मोरीत. पण भांडं हातात घेऊन तसेच उभे राहिले, आणि मग, सवयीने असेल, नाकाशी नेलं. घड तोडायच्या आधी नेतात तसं. एकदा, मग थांबून पुन्हा.

"यात खोबरं घातलंय," म्हणाले.

काशक्का माझ्याकडे बघून ओठ मिटून हसल्या.

"चांगल्या द्राक्षात खोबरं कशाला घालायचं? विचार तिला."

"तूच विचार की," काशक्का म्हणाल्या.

भांडं खाली ठेवून ते पाय धुवायला गेले. थेंबही घेतला नाही. काल सकाळी चहा घेताना एकदम म्हणाले, "मी कधी घेणार नाही. तिनं स्वतः केलेली असली तरी नाही. हे तिला लिही."

मी म्हणाले, "लिहिते."

बशीतला चहा संपवला. "आणि तू मार्चात गेलीस तर शेडवर चहाचं कोण बघणार, ते ठरवायला पाहिजे."

हा होकार नाही. पण मी या माणसाबरोबर चाळीस वर्षं राहिले आहे, हा नकारही नाही. खोबरं का घातलं ते लवकर कळव.

आई


सोलापूर, १९ जानेवारी

प्रिय उत्कर्षा,

गड्ड्याची जत्रा अजून चालू आहे, गल्लीतली पोरं पाळण्यांतून उतरून थेट झोपायला घरी येतात. काशक्का होमाच्या दिवशी देवळात जाऊन आल्या आणि तुझ्या नावाने अंगारा आणला, तो मी बॅगेत ठेवला आहे. बॅग, होय. अजून रिकामी आहे, पण पलंगाखालून बाहेर आली आहे.

तुझं पत्र मी मुद्दाम मोठ्याने वाचलं. काशक्का समोर, अप्पा पेपरमागे. खोबरं कुणी घातलेलं नाही, पिंप अमेरिकेतल्या ओक लाकडाचं असतं आणि ते लाकूडच वर्षानुवर्षं आत तो वास सोडतं, असं मी वाचलं. पेपर खाली आला.

"लाकडाला खोबऱ्याचा वास? मग आपल्या सागवानाला का नाही?"

"मला काय ठाऊक? मी लिहून विचारते."

"आणि गाळ हलवल्यानं काय होतं म्हणे?"

मी वाचलं, की तू इतकी हसलीस की आंद्रेस धावत आला, आणि तुमच्या तळघराच्या म्हाताऱ्या प्रमुखांनी सांगितलं, त्या बाईंना माझा नमस्कार कळवा, आमची एकही बाटली आजवर कुणी इतक्या मायेने बिघडवली नाही. काशक्का म्हणाल्या, "बिघडली कुटं? चांगली व्हती की. लई शाना दिसतोय म्हातारा." पण दिवसभर खुशीत होत्या.

व्हिसासाठी पुण्याला जाऊन आले. अप्पा बरोबर आले. कशाला जायचं आहे असं तिथल्या मुलीने विचारलं तेव्हा मी बोलायच्या आधी ते म्हणाले, "मुलीच्या बाळंतपणाला." एवढे दोनच शब्द. बाहेर येऊन आम्ही उसाचा रस प्यायलो. मी म्हणाले, "आता तरी एकदा फोनवर बोला तिच्याशी." ते म्हणाले, "काय बोलू? इतक्या दिवसांनी सुरुवात कुठनं करायची असते?" उत्तर तुला येत असेल तर बघ, उत्कर्षा, पण घाई करू नकोस. घड रंग धरायला लागला की त्याला रोज हात लावायचा नसतो, असं तेच सांगतात.

काशक्कांनी त्यांच्या जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली आहेत. डिंक, अळीव, खारीक सगळं निवडून झालं. विमानात किती चालतं ते आंद्रेसला विचार, नाहीतर काशक्का पूर्ण कोठी बांधून देतील.

आई


सोलापूर, २४ फेब्रुवारी

प्रिय उत्कर्षा,

उद्या सकाळच्या गाडीने मुंबई, आणि मग तुझ्याकडे. हे पत्र तुला मी पोचण्याआधी मिळेल, म्हणून फक्त कामाचं. दवाखान्याची बॅग दाराशी ठेव. माझी वाट पाहू नकोस, कळा आल्या तर निघा. मी विचारत विचारत येईन, मला इंग्रजी येतं आणि बाकी हातवारे.

शेडवर पहिला माल उतरला. चहाचं काशक्का बघणार आहेत. त्यांनी काल पहिल्याच दिवशी इतकी साखर घातली की माणसांनी तक्रार केली, आणि त्यांनी तक्रार करणाऱ्यालाच दुसरा कप दिला.

अप्पांनी विचारलं, अजून पत्र लिहितेस का, परवा भेटणारच आहेस की. मी म्हणाले, सवय लागली. मग जरा वेळाने म्हणाले, "खाली जागा ठेव." मी ठेवली आहे. मी आता स्वयंपाकघरात जाते, म्हणजे ते मोकळेपणी लिहितील. फोटोही त्यांनाच काढायला सांगितला आहे.

तुझी आई


चि. उत्कर्षा,

आईने जागा ठेवली म्हणून लिहितो. माल यंदा बरा आहे, साखर चांगली धरली. तिकडे वेलींची छाटणी या महिन्यात करतात असं ऐकलं. तुला वाकायला लागत असेल तर वाकू नको, दुसऱ्याला सांग.

आई बीपीची गोळी घेतली म्हणते आणि घेत नाही. लक्ष ठेव.

बाळ झालं की पहिला फोन वहिनींना, तुझ्या दोड्डव्वाला कर. त्यांचा मान आहे. दुसरा मला कर. मी तेव्हा शेडवर असेन, तिथे आवाज नीट येत नाही, पण बांधावर येऊन उभा राहीन. दिवस असो, रात्र असो. फोन मीच उचलीन.

अप्पा